हॅस्केलचा प्रोजेक्ट बिल्ड का होत नाही? जीएचसी, कबाल आणि स्टॅकची उकल

हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत पहिला छोटा प्रोग्रॅम लिहून होतो, चालतोही. मग एखादी लायब्ररी हवी म्हणून फाईलमध्ये एक ओळ वाढवली जाते आणि टर्मिनलवर वीस-तीस ओळींची एरर उतरते: 'कुड नॉट रिझॉल्व्ह डिपेंडन्सीज'. मोनाड या भाषेतल्या गाजलेल्या अवघड कल्पनेपर्यंत पोचायच्या आधीच बरेच जण इथून माघारी फिरतात. याचं फार वाईट वाटतं, कारण ही एरर अगदी सरळ बोलते. ती कुठल्या नियमांवर बोट ठेवतेय, ते कुणी आधी सांगितलेलं नसतं. हे नियम मोजकेच आहेत.

(कमांड आणि फाईलमधल्या ओळी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.)

कोण काय करतं

जीएचसी हा कंपायलर. ग्लासगो विद्यापीठात त्याची सुरुवात झाली, म्हणून ग्लासगो हॅस्केल कंपायलर. तो सोर्स फाईली घेतो आणि मशीन कोड देतो. इंटरनेटवरून काही उतरवून घेणं हे त्याचं काम नाही. हॅकेज हे लायब्रऱ्यांचं सामायिक कोठार, २००७ पासून चालू असलेलं.

कबाल हे नाव दोन गोष्टींना आहे, आणि गोंधळ तिथून सुरू होतो. एक आहे कबाल नावाची लायब्ररी: पॅकेजचं वर्णन कसं लिहायचं आणि ते बिल्ड कसं करायचं, हे तिला माहीत असतं. दुसरं आहे 'कबाल-इन्स्टॉल' हे टूल. टर्मिनलवर आपण 'कबाल' म्हणून चालवतो ते हे. लायब्रऱ्यांची व्हर्जन निवडणं, ती हॅकेजवरून आणणं, योग्य क्रमाने बिल्ड करणं ही कामं त्याची. स्टॅक हे २०१५ मध्ये आलेलं दुसरं टूल. पोटात तेही कबाल लायब्ररीच वापरतं आणि पॅकेजचं वर्णन असलेली तीच डॉट-कबाल फाईल वाचतं. म्हणून 'कबाल की स्टॅक' हा वाद वाटतो तेवढा मोठा नाही.

हे सगळं मशीनवर आणायला जीएचसी-अप हे इन्स्टॉल करणारं टूल वापरा. लिनक्सच्या पॅकेज मॅनेजरमधून जीएचसी घेतला, तर तो बहुधा जुना असतो आणि दोन-तीन कंपायलर शेजारी शेजारी ठेवता येत नाहीत. उबंटू किंवा डेबियनवर आधी बिल्ड-इसेन्शियल, कर्ल, लिबएफएफआय-डेव्ह, लिबजीएमपी-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह आणि पीकेजी-कॉन्फिग ही पॅकेजं टाकून घ्या. लिबजीएमपी राहिलं, तर सगळं कंपाइल होऊन लिंक करायच्या शेवटच्या टप्प्यावर 'कॅनॉट फाइंड -एलजीएमपी' येतं आणि माणूस उगाच स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो.

मग 'जीएचसी-अप टीयूआय' चालवलं की यादी दिसते. तिथे 'रेकमेंडेड' शिक्का असलेलं व्हर्जन घ्या, 'लेटेस्ट' नको. कारण अगदी व्यवहारी आहे: एडिटरमध्ये टाइप दाखवणारा, चुका अधोरेखित करणारा एचएलएस त्या नेमक्या जीएचसीबरोबर जुळवून बिल्ड केलेला असावा लागतो, आणि अगदी ताज्या कंपायलरसाठी तो यायला वेळ लागतो. लायब्रऱ्यांचंही तेच. डिस्कवर जागा मोकळी ठेवा. एकेका जीएचसीला दोन जीबीच्या आसपास जागा सहज लागते. वापरात नसलेला 'जीएचसी-अप आरएम जीएचसी' आणि पुढे व्हर्जन लिहून काढून टाकता येतो.

एका प्रोग्रॅममध्ये एका लायब्ररीचं एकच व्हर्जन

सगळ्या भांडणांचं मूळ हा नियम आहे. नोडच्या जगात एकाच प्रोजेक्टमध्ये एका लायब्ररीची तीन व्हर्जन वेगवेगळ्या फोल्डरांत सुखाने नांदतात. कबाल मात्र पूर्ण प्रोग्रॅमसाठी एकच निवडतं. यामागे हट्ट नाही, टाइप सिस्टीम आहे.

ईसनचं उदाहरण घ्या. जेसन डेटा वाचायला-लिहायला हॅस्केलमध्ये जवळपास सगळे हीच लायब्ररी वापरतात (ग्रीक पुराणात जेसनच्या वडिलांचं नाव ईसन). ऑक्टोबर २०२१ मध्ये तिचं २.० आलं. त्याआधी जेसन ऑब्जेक्टच्या आत हॅशमॅप असायचा. कुणी मुद्दाम एकमेकांवर आदळणाऱ्या की निवडून पाठवल्या तर तो इतका मंद व्हायचा की सर्व्हर अडकून पडे. २.० मध्ये त्या जागी कीमॅप हा नवा टाइप आला. सुधारणा गरजेचीच होती, पण आता ईसन १.५ मधला 'व्हॅल्यू' आणि २.० मधला 'व्हॅल्यू' हे कंपायलरच्या लेखी दोन वेगळे टाइप झाले. तुमच्या प्रोजेक्टमध्ये एक लायब्ररी १.५ वर आणि दुसरी २.० वर असेल, तर पहिलीने दिलेली व्हॅल्यू दुसरीला देताच येणार नाही. तांत्रिकदृष्ट्या जीएचसी दोन्ही व्हर्जन एका प्रोग्रॅममध्ये जोडू शकतो, पण त्यातून येणाऱ्या टाइप एरर वाचणं म्हणजे शिक्षाच. म्हणून कबाल आधीच थांबवतं. दोन वाटांनी एकाच लायब्ररीकडे जाणारा आणि दोन्हीकडून वेगळं व्हर्जन मागणारा हा आकार पतंगासारखा दिसतो. बहुतेक भांडणं याच आकाराची असतात.

दुसरी गोष्ट कंपायलरच्या स्वभावाची. दुसऱ्या पॅकेजमधली लहान फंक्शन जीएचसी तुमच्या कोडमध्ये सरळ मिसळून टाकतो. प्रत्येक मॉड्यूल कंपाइल झालं की मशीन कोडच्या फाईलबरोबर एक इंटरफेस फाईल बनते, आणि तिच्यात टाइपच नव्हे तर अशा फंक्शनांचं शरीरही असतं. त्यामुळेच हॅस्केलचा प्रोग्रॅम वेगाने चालतो. पण त्यामुळेच खालची एक लायब्ररी बदलली की तिच्यावर उभं असलेलं सगळं पुन्हा बिल्ड करावं लागतं, आणि एका जीएचसीने बनवलेली लायब्ररी दुसऱ्या जीएचसीला चालत नाही. पहिल्या बिल्डला अर्धा तास लागला तर मशीन बिघडलंय असं समजू नका.

आणि या सगळ्याच्या तळाशी 'बेस' आहे, म्हणजे प्रमाण लायब्ररी. ती कंपायलरशी घट्ट बांधलेली आहे: जीएचसी ९.२ बरोबर बेस ४.१६ येते, ९.४ बरोबर ४.१७, ९.६ बरोबर ४.१८, ९.८ बरोबर ४.१९ आणि ९.१० बरोबर ४.२०. यातला जीएचसी निवडला की बेस ठरली, ती वेगळी बदलता येत नाही. ही जोडी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवली तरी चालेल, इतकी ती कामाला येते.

डॉट-कबाल फाईल

'कबाल इनिट' केलं की प्रश्न विचारून ही फाईल बनवून मिळते. मराठी मजकुरातले शब्द मोजणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमची फाईल अशी दिसेल:

कबाल-व्हर्जन: ३.०
नेम: शब्दमोजणी
व्हर्जन: ०.१.०.०
बिल्ड-टाइप: सिंपल

एक्झिक्युटेबल शब्दमोजणी
    मेन-इज: मेन.एचएस
    अदर-मॉड्यूल्स: मोजणी
    एचएस-सोर्स-डर्स: ॲप
    बिल्ड-डिपेंड्स: बेस >=४.१७ && <४.२०, कंटेनर्स ^>=०.६.५, टेक्स्ट ^>=२.०
    डिफॉल्ट-लँग्वेज: जीएचसी२०२१

इथे दोन ठिकाणी नवखे हमखास अडखळतात. पहिलं, 'बिल्ड-डिपेंड्स'. समजा कंटेनर्स लिहायचं राहिलं आणि कोडमध्ये 'डेटा.मॅप' इंपोर्ट केलं. जीएचसी सांगतो की हे मॉड्यूल एका 'हिडन पॅकेज'चं आहे, पॅकेजचं नाव असं आणि ते बिल्ड-डिपेंड्समध्ये घाला. लायब्ररी मशीनवर असते, कारण कंटेनर्स जीएचसीबरोबरच येते. पण फाईलमध्ये जिचं नाव नाही ती दिसू द्यायची नाही, हा नियम. तो चांगला नियम आहे. त्यामुळे 'माझ्या मशीनवर तर चालतं' ही तक्रार फार कमी उरते. बऱ्याच जणांना पॅकेजचं नाव आणि मॉड्यूलचं नाव यांची गल्लत होते: फाईलमध्ये पॅकेजचं नाव, कोडमध्ये मॉड्यूलचं.

दुसरं, 'अदर-मॉड्यूल्स'. नवीन मॉड्यूलची फाईल बनवली पण तिचं नाव इथे घातलं नाही, तर कंपाइल होतं, फक्त एक वॉर्निंग येते आणि ती नजरेआड होते. पुढे लिंक करताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स' अशी अगम्य एरर येऊ शकते, किंवा तुमच्याकडे सगळं ठीक आणि हॅकेजवर पाठवलेल्या पॅकेजमध्ये ती फाईलच नाही. नवी फाईल बनवली की लगेच नाव घालायचं, ही सवय लावून घ्या.

आता व्हर्जनच्या मर्यादा. हॅस्केलमध्ये व्हर्जनचे चार आकडे असतात आणि पहिले दोन मिळून मोठा बदल दाखवतात; इतर भाषांत पहिला एकटाच दाखवतो. म्हणजे २.० वरून २.१ हा इथे मोठा बदल. काही काढलं किंवा एखाद्याचा टाइप बदलला तर पहिल्या दोनपैकी एक वाढायला हवा. नुसतं नवीन फंक्शन आलं तर तिसरा, आतली दुरुस्ती असेल तर चौथा. '^>=०.६.५' चा अर्थ '०.६.५ किंवा पुढचं, पण ०.७ च्या अलीकडचं'.

नुसतं वाढवल्याने कुणाचं काय बिघडणार, असं वाटतं. बिघडतं. बेस ४.१८ मध्ये 'लिफ्टए२' हे फंक्शन प्रील्यूडमध्ये आलं, म्हणजे न मागताही प्रत्येक फाईलला मिळू लागलं. ज्यांनी त्याच नावाचं स्वतःचं फंक्शन लिहून वापरलं होतं त्यांच्याकडे 'अँबिग्युअस ऑकरन्स' अशी एरर आली: दोनातलं कुठलं ते सांगा. बेस ४.२० मध्ये 'फोल्डएल-प्राइम'नेही तेच केलं. म्हणूनच इंपोर्ट करताना हव्या त्या नावांची यादी द्या किंवा 'क्वालिफाइड' वापरा, आणि लायब्ररी लिहीत असाल तर वरची मर्यादा जरूर घाला. ती टाकली की दर वर्षी सरकवायचं काम मागे लागतं, हे खरं आहे. तरी 'आज चालतंय' याचा अर्थ 'उद्याच्या व्हर्जनबरोबरही चालेल' असा होत नाही. तुम्ही जे तपासलंच नाही त्याची हमी देऊ नका. आकडे काढून द्यायला 'कबाल जेन-बाउंड्स' आहे, मागे पडलेले दाखवायला 'कबाल आउटडेटेड'.

ती लांबलचक एरर वाचायची कशी

वरचीच फाईल घ्या आणि मशीनवर जीएचसी ९.१० आहे असं धरा. 'कबाल बिल्ड' केल्यावर साधारण असं दिसेल:

[__०] ट्राइंग: शब्दमोजणी-०.१.०.० (यूझर गोल)
[__१] नेक्स्ट गोल: बेस (डिपेंडन्सी ऑफ शब्दमोजणी)
[__१] रिजेक्टिंग: बेस-४.२०.०.०/इन्स्टॉल्ड (कॉन्फ्लिक्ट: शब्दमोजणी => बेस>=४.१७ && <४.२०)

कंसातला आकडा म्हणजे सॉल्व्हर, म्हणजे कबालचा व्हर्जन निवडणारा भाग, किती खोल गेलाय ते. तो एकेक पॅकेज हातात घेतो, व्हर्जन लावून बघतो, जमलं नाही तर मागे येऊन दुसरं लावतो. 'ट्राइंग' म्हणजे हे धरून चाललोय, 'रिजेक्टिंग' म्हणजे हे बसत नाही, आणि का बसत नाही ते पुढच्या कंसात. सगळा अर्थ त्या कंसात आहे. इथे तो म्हणतो: मशीनवरची बेस ४.२०, शब्दमोजणीला ४.२० च्या अलीकडची हवी. पुढच्या ओळींत हॅकेजवरच्या बाकीच्या बेसही नाकारलेल्या दिसतील, कारण बेस बदलता येत नाही.

एरर मोठी असली की शेवटून वाचा. शेवटच्या ओळीत, ज्यांनी सगळ्यात जास्त अडवलं त्या पॅकेजांची नावं असतात. तिथली दोन-तीन नावं घेऊन वरच्या 'रिजेक्टिंग' ओळी शोधा. आणि त्यात बेस असेल, तर दहापैकी नऊ वेळा प्रश्न कंपायलरच्या व्हर्जनचा असतो.

मग मार्ग काय? सोपा मार्ग कंपायलर बदलायचा: 'जीएचसी-अप सेट जीएचसी ९.६.६', किंवा फक्त या प्रोजेक्टपुरतं 'कबाल.प्रोजेक्ट' फाईलमध्ये 'विथ-कंपायलर: जीएचसी-९.६.६'. मर्यादा तुमच्याच फाईलमधली असेल तर ती सरकवून बिल्ड करून बघा. दुसऱ्या कुणाच्या लायब्ररीतली असेल, तर 'अलाऊ-न्यूअर' खाली त्या लायब्ररीचं नाव, मग अपूर्णविराम (कोलन) आणि पुढे जिची मर्यादा उठवायची तिचं नाव लिहा. नुसतं सरसकट 'अलाऊ-न्यूअर: ट्रू' लिहू नका. सॉल्व्हर मग काहीही निवडतो, आणि एरर तिथून उठून कुणा अनोळखी लायब्ररीच्या कोडमध्ये जाऊन पडते. बिल्ड झालं तर त्या लायब्ररीच्या लेखकाला कळवा. हॅकेजवर आधीच चढवलेल्या व्हर्जनच्या मर्यादा नंतर दुरुस्त करता येतात, कोडला हात न लावता. तुमचं एक पत्र शंभर जणांची एरर घालवू शकतं.

जुनं दुखणं आणि एक टाळायची कमांड

पूर्वी सगळ्या प्रोजेक्टच्या लायब्रऱ्या एकाच सामायिक जागी बसायच्या. एका प्रोजेक्टसाठी काही टाकलं की दुसऱ्याचं मोडायचं, आणि लोक अख्खं फोल्डर उडवून पहिल्यापासून सुरुवात करायचे. 'कबाल हेल' हे नाव त्या काळातलं. २०१३ मध्ये प्रत्येक प्रोजेक्टला वेगळा सँडबॉक्स देणं जमलं. त्रास संपला, पण तीच लायब्ररी दहादा बिल्ड होऊ लागली. खरा तोडगा निक्स या पॅकेज मॅनेजरच्या कल्पनेवरून आला. प्रत्येक बिल्डला त्याच्या सोर्सवरून, फ्लॅगवरून, कंपायलरवरून आणि खालच्या लायब्रऱ्यांवरून एक हॅश (ओळखीचा ठसा) मिळतो आणि ते सामायिक स्टोअरमध्ये त्या हॅशच्या नावाने बसतं. सगळं तेच असेल तर आयतं वापरलं जातं, काहीही वेगळं असेल तर शेजारी नवं बसतं. कुणी कुणाला पुसत नाही. २०१९ च्या कबाल ३.० पासून हीच नेहमीची पद्धत आहे.

म्हणून जुन्या लेखांतलं 'कबाल इन्स्टॉल --लिब' कृपया वापरू नका. ते कंपायलरच्या एका लपलेल्या एन्व्हायर्नमेंट फाईलमध्ये लायब्ररीचं नाव लिहून ठेवतं, आणि महिन्यांनी दुसरीच लायब्ररी टाकताना भांडण उद्भवतं, ज्याचा माग लागत नाही. लायब्ररी हवी तर बिल्ड-डिपेंड्समध्ये नाव घालून 'कबाल बिल्ड'. नुसतं खेळून बघायचं असेल तर 'कबाल रेपल -बी कंटेनर्स' पुरतं. 'कबाल इन्स्टॉल' फक्त एखादा तयार प्रोग्रॅम मशीनवर बसवायला.

स्टॅक कधी

स्टॅक सॉल्व्हर चालवत नाही. त्याऐवजी स्टॅकेजवरचा एक स्नॅपशॉट घेतं: हजारो पॅकेजं, प्रत्येकाचं एकच व्हर्जन, सगळी एका ठराविक जीएचसीवर एकत्र बिल्ड करून पाहिलेली. एलटीएस ही त्यातल्या दीर्घकाळ जपल्या जाणाऱ्या स्नॅपशॉटांची मालिका: एलटीएस २१ म्हणजे जीएचसी ९.४, एलटीएस २२ म्हणजे ९.६, एलटीएस २३ म्हणजे ९.८. 'स्टॅक.यामल'मध्ये स्नॅपशॉटची एक ओळ लिहिली की कंपायलरसकट सगळं ठरलं. टीममध्ये नवी माणसं असतील तर हे फार सोयीचं. स्नॅपशॉटमध्ये नसलेलं पॅकेज 'एक्स्ट्रा-डेप्स'खाली व्हर्जनसह हाताने लिहावं लागतं, आणि त्याला लागणारी स्नॅपशॉटबाहेरची पॅकेजंही एकेक करून.

एक काळजी घ्या. स्टॅकच्या प्रोजेक्टमध्ये 'पॅकेज.यामल' असेल तर डॉट-कबाल फाईल त्यातून आपोआप बनते. तिथे डॉट-कबाल हाताने बदलू नका, बदल यामलमध्येच करा.

नव्याने शिकणाऱ्याला मात्र जीएचसी-अप आणि कबाल एवढ्यावरच सुरुवात करायला सांगावं. सॉल्व्हरची एरर वाचता आली की स्टॅक एका दिवसात कळतं. उलट दिशेने जाणं अवघड पडतं.

तेच बिल्ड पुन्हा

कबालने बनवलेलं बिल्ड सहा महिन्यांनी तसंच हवं असेल, तर 'कबाल फ्रीझ' करा. निवडलेलं प्रत्येक व्हर्जन आणि फ्लॅग एका फाईलमध्ये उतरतो. ती गिटमध्ये ठेवा. हे ॲपसाठी. लायब्ररीसाठी फ्रीझ निरुपयोगी, कारण ती फाईल वापरणाऱ्यापर्यंत जातच नाही. त्याहून हलका उपाय 'इंडेक्स-स्टेट': कबाल.प्रोजेक्टमध्ये एक तारीख-वेळ लिहायची, आणि हॅकेज त्या क्षणी जसं होतं तसंच सॉल्व्हरला दिसतं.

लॅपटॉपची मेमरी कमी असेल तर कबाल.प्रोजेक्टमध्ये 'जॉब्स: २' लिहा, नाहीतर एकाच वेळी अनेक पॅकेजं कंपाइल होताना मशीन गुदमरतं. रोजच्या कामात 'कबाल बिल्ड -ओ०' ने ऑप्टिमायझेशन बंद ठेवलं तर वाट पाहणं बरंच कमी होतं.

मराठी मजकूर वाचताना

शब्दमोजणी तुमच्या लॅपटॉपवर नीट चालते आणि डॉकरमध्ये टाकल्यावर पहिल्याच फाईलवर मरते: 'कॅनॉट डिकोड बाइट सीक्वेन्स स्टार्टिंग फ्रॉम २२४'. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि त्यातला पहिला नेहमी २२४. एररमध्ये हा आकडा दिसला की समजा, गाडी देवनागरीच्या पहिल्याच अक्षरावर अडली आहे. फाईल कुठल्या एन्कोडिंगची हे हॅस्केल सिस्टीमच्या लोकेलवरून (भाषा आणि एन्कोडिंगच्या सेटिंगवरून) ठरवतं, आणि डॉकरच्या कंटेनरमध्ये बहुधा लोकेल ठरवलेलंच नसतं. 'लँग' हा व्हेरिएबल 'सी.यूटीएफ-८' केला की काम होतं. विंडोजवर टर्मिनलमध्ये आधी 'सीएचसीपी ६५००१'.

पण प्रोग्रॅम लोकेलच्या भरवशावर सोडूच नये. टेक्स्ट २.१ पासून 'डेटा.टेक्स्ट.आयओ.यूटीएफ८' हे मॉड्यूल आहे. त्यातलं 'रीडफाइल' लोकेलकडे न बघता यूटीएफ-८ च वाचतं. आपल्या फाईलमध्ये मर्यादा '^>=२.०' आहे, म्हणजे २.१ च्या अलीकडे, त्यामुळे हे मॉड्यूल आत्ता सापडणार नाही. ती '^>=२.१' करा, 'कबाल अपडेट' आणि मग 'कबाल बिल्ड'. जीएचसी ९.६ बरोबर टेक्स्ट २.०.२ येते, तरी अडत नाही: टेक्स्ट ही बेससारखी कंपायलरला बांधलेली नाही, कबाल २.१ हॅकेजवरून आणून स्टोअरमध्ये शेजारी बसवतं आणि शब्दमोजणी तिच्यावर बिल्ड होते.